पाचारण सोबतीने वाढते



आज पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी काहीजण आता गोव्यातल्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांत आपल्या धर्मसंघाच्या छोट्या घरांत राहायला जाल. घरात तिघेचौघे, दिवसभर शाळा आणि आजाऱ्यांच्या भेटी, आजूबाजूला बहुतेक हिंदू शेजार. म्हणून आज मी फक्त एकत्र राहण्याविषयी बोलणार आहे. प्रभू प्रत्येकाला नावाने हाक मारतो, पाचारण करतो हे खरे, पण त्या हाकेला दिलेला होकार आयुष्यभर टिकतो तो सोबत राहणाऱ्या माणसांमुळे, अशी माझी खात्री आहे.

बाणावलीत १६५१ साली जन्मलेले संत जुझे वाझ आठवा. त्या काळी युरोपीय धर्मसंघ गोमंतकीय धर्मगुरूंना सहसा आपल्यात घेत नसत. म्हणून काही देशी धर्मगुरू जुन्या गोव्यात एकत्र राहू लागले. १६८५ मध्ये वाझ त्यांच्यात आले, त्यांचे प्रमुख झाले आणि त्या घराला त्यांनी ओरेटरी नावाच्या धर्मसंघाची शिस्त लावली. पुढच्याच वर्षी ते श्रीलंकेला निघाले. तिथे डचांनी कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केली होती, तेव्हा वाझ गरिबाच्या वेषात बेटावर उतरले. कितीतरी वर्षे त्यांच्या जोडीला दुसरा धर्मगुरू नव्हता. पण गोव्यातले घर जागे होते. पुढे तिथूनच एकेक बंधू येऊ लागला. सिंहली आणि तमिळ भाषांत ग्रंथ लिहिणारे दिवाडीचे याकोब गोन्साल्विस त्यांतलेच. १७११ मध्ये वाझ कँडीत वारले, तरी काम चालूच राहिले. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केले. त्या सन्मानात मला ते घरही दिसते.

त्याच घराची दुसरी बाजूही तुम्हाला ठाऊक हवी. तिथे प्रवेश होता तो फक्त ब्राह्मण कुळांतल्या धर्मगुरूंना. चार्दो जातीतल्या धर्मगुरूंना पुढे चिंबलला कार्मेल परंपरेचे वेगळे घर करावे लागले. ज्या अन्यायामुळे हे घर उभे राहिले, तोच अन्याय या घराने आपल्याच बांधवांवर केला. मला हे आजही फार बोचते. जेवणाच्या टेबलावर कोण कुणाशेजारी बसतो, कुणाच्या गावाची थट्टा होते, कुणाला नेहमी स्वयंपाकघरातलेच काम मिळते, हे पाहा म्हणजे भेदभाव अजून कुठे दडून बसतो ते कळेल.

सोबत का लागते याचे आणखी एक उदाहरण पाहा. पूज्य फादर आग्नेल १८९७ मध्ये पिलारच्या मिशनरी संघात आले. संघ तेव्हा अवघा दहा वर्षांचा होता. शिरोड्यातल्या गरिबांत त्यांनी सेवा केली, पुढे राशोलच्या सेमिनरीत आध्यात्मिक मार्गदर्शक झाले आणि १९२७ मध्ये तिथेच देवाघरी गेले. लोक त्यांना तेव्हापासूनच संत मानत. तरीही त्यांचा स्वतःचा संघ विझण्याच्या बेतात आला. १९३९ मध्ये काही धर्मगुरूंनी एकत्र राहायचे ठरवून तो पुन्हा उभा केला. एका पवित्र माणसाच्या पुण्याईवर संघ चालत नाही. रोज पहाटे प्रार्थनेला येणारी, एकाच तिजोरीतून खर्च करणारी, एकमेकांचा स्वभाव सोसणारी माणसे लागतात.

सोसणे हा शब्द मी जाणून वापरला. निर्धनता, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते वेदीसमोर एकदा उच्चारली जातात, पण त्यांची परीक्षा होते ती घरात: सामायिक पैशाचा हिशेब देताना, न आवडणारी बदली स्वीकारताना, रुसलेल्या भगिनीशी आधी बोलताना.

आणि घर म्हणजे फक्त मठाच्या भिंती नव्हेत, शेजारही त्यात आला. पेडणे आणि डिचोली अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांकडे गेली, जुन्या काबिजादींनंतर, म्हणजे आधी जिंकलेल्या तालुक्यांनंतर, खूप उशिरा. म्हणून तिथे मंदिरे टिकली, भजन टिकले, मराठी टिकली. इंग्लंडहून आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ छापले ते मराठी ओवीत, कारण ते इथल्या माणसांत राहून इथली भाषा शिकले होते. तुम्हाला तर ती भाषा जन्मापासून कानावर पडलेली आहे. शेजाऱ्यांनी चतुर्थीला बोलावले तर जा. त्यांच्या घरी कुणी वारले तर सर्वांत आधी पोहोचा. नाताळला त्यांना जेवायला बोलवा.

माझी तुम्हाला विनंती आहे: रात्रीचे जेवण एकत्र घ्या, मोबाइल बाजूला ठेवून. घरातल्या म्हाताऱ्या सिस्टरजवळ रोज थोडा वेळ बसा. आणि सोबतच्या कुणाचे मन पाचारणातून उठू लागले आहे असे जाणवले, तर सुपिरियरला कळवण्याआधी स्वतः जाऊन त्या व्यक्तीच्या खोलीचे दार ठोठावा.