परिशिष्ट चार

ओहायोतलं डेटन आपण ओळखतो ते राइट बंधूंचं गाव म्हणून. नोव्हेंबर 1995मध्ये तिथल्या हवाई तळावर तीन आठवडे वाटाघाटी चालल्या आणि बॉस्निया-हर्झेगोव्हिनाची राज्यघटना ठरली. साडेतीन वर्षांच्या युद्धात बॉस्नियात सुमारे एक लाख माणसं मेली होती. 14 डिसेंबरला पॅरिसमध्ये शांतता करारावर सह्या झाल्या. या कराराचं चौथं परिशिष्ट म्हणजे त्या देशाची राज्यघटना.

सह्या कोणाच्या? बॉस्नियाचे इझेतबेगोविच, सर्बियाचे मिलोशेविच, क्रोएशियाचे तुजमान. तिघांपैकी दोघे शेजारच्या देशांचे अध्यक्ष! संविधान सभा नाही, सार्वमत नाही, मसुदाही इंग्रजीत. फाळणीच्या रक्तपातातही आपल्या संविधान सभेनं जवळजवळ तीन वर्षं कलमागून कलम तपासलं. ते भाग्य बॉस्नियाच्या वाट्याला आलं नाही.

तरी त्या कराराला मी नावं ठेवणार नाही. तोफा थांबल्या, साराजेव्होतली मुलं पुन्हा रस्त्यावर खेळू लागली. हे लहान काम नव्हे. माझं दुखणं वेगळं आहे. लढाई थांबवायला जी वाटणी केली, तीच कायमची राज्यव्यवस्था होऊन बसली. 51 टक्के भूमी बोस्नियाक (म्हणजे बॉस्नियातले मुस्लिम) आणि क्रोएट यांच्या संघराज्याकडे, 49 टक्के सर्ब प्रजासत्ताकाकडे. अध्यक्षमंडळ तिघांचं: बोस्नियाक आणि क्रोएट सदस्य संघराज्यातून, सर्ब सदस्य सर्ब प्रजासत्ताकातून.

मग उरलेल्यांनी काय करायचं? घटनेच्या लेखी ते ‘इतर’. रोमा समाजाचे डेर्वो सेजदिच आणि ज्यू समाजाचे याकोब फिंची यांना अध्यक्षमंडळासाठी उभंच राहता येईना. स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात 2009मध्ये ते जिंकले.

स्रेब्रेनित्साची गोष्ट तर मला फार अस्वस्थ करते. जुलै 1995मध्ये तिथे आठ हजारांहून अधिक बोस्नियाक पुरुष आणि मुलगे मारले गेले. वाटणीत ते गाव सर्ब प्रजासत्ताकात गेलं. तिथेच राहणारे बोस्नियाक डॉक्टर इलियाज पिलाव यांना अध्यक्षमंडळाची निवडणूक लढवायची होती. त्यासाठी आधी गाव सोडायचं! 2016मध्ये न्यायालयानं त्यांच्याही बाजूनं निकाल दिला.

पण घटनादुरुस्तीला संसदेची मतं लागतात, आणि तिथे बसलेले बहुतेक जण याच वाटणीवर निवडून येतात. 2006मध्ये एक मोठा प्रयत्न झाला, तो दोन मतांनी हुकला. सेजदिच-फिंची निकालालाही पंधरा वर्षं उलटून गेली. अध्यक्षमंडळाची ती अट अजून घटनेत आहे.