गृहशोभेची उलटी बाजू

शहरांतील एखाद्या सुशिक्षित कुटुंबाचा दिवाणखाना डोळ्यांपुढें आणावा. जमिनीवर काश्मिरी गालिचा पसरला आहे. कोचावर बाटिकच्या अभ्र्यांच्या उशा आहेत. कोपऱ्यांत मोरोक्कोच्या धर्तीचा पितळी दिवा टांगला असून, त्याच्या छिद्रांतून पडणारी उजेडाची जाळी भिंतीवर हलते आहे. तिवईवर काळीभोर बिदरी फुलदाणी आहे आणि समोर जावा बेटांतील चामड्याची बाहुली. चार मुलखांची कारागिरी एका खोलींत नांदते आहे, याचा यजमानांना अभिमान वाटावा हें स्वाभाविकच होय. अशा खोलींत एखादें लहान मूल येतें, गालिच्याचा कोपरा उचलून पाहतें आणि विचारतें, “हा कोणीं केला?” एकजण दुकानाचें नांव सांगतो, दुसरा किंमत सांगतो. मुलाच्या प्रश्नाचें उत्तर मात्र कोणालाच ठाऊक नसतें.

मुलानें कोपरा उचलला हें योग्यच केलें. वस्तूची सुलट बाजू पाहणाऱ्यासाठीं असते. ती कोणत्या हातांतून आली हें उलट्या बाजूस कळतें. देशोदेशींच्या हस्तकलांनीं घर सजवूं इच्छिणाऱ्यानें प्रथम वस्तु उलटून पाहण्याची संवय लावून घ्यावी.

गालिच्यापासूनच आरंभ करावा. हातानें गांठी मारून विणलेल्या गालिच्याची नक्षी पाठीमागेंही स्वच्छ दिसते. तेथें गांठी मोजतां येतात, आणि इंचभर जागेंत त्या जितक्या अधिक तितकें काम बारीक. त्याच्या टोकांची झालर मागाहून शिवलेली नसते. ती म्हणजे ताण्याच्या दोऱ्यांचींच टोकें होत. ज्या गालिच्याच्या पाठीवर कापड चिकटविलेलें असतें, तो बहुधा गांठींचा नसतो. लोकरीचे दोरे कापडांत खोंवून ते चिकट लेपानें बसविलेले असतात. तोही वापरण्यास वाईट नाहीं. परंतु गांठींच्या गालिच्याची किंमत त्याला देऊं नये.

काश्मिरांत या विणकामासाठीं ‘तालीम’ नांवाची सांकेतिक लिपि आहे. कोणत्या रंगाच्या किती गांठी मारावयाच्या, हें तींत खुणांनीं लिहिलेलें असतें. पूर्वापार रीत अशी कीं, एकानें तें मोठ्यानें वाचावें आणि मागावर बसलेल्यांनीं त्याबरहुकूम गांठी माराव्या. जो गालिचा घरांत केवळ डोळ्यांनीं पाहिला जातो, तो विणणारांनीं आधीं कानांनीं ऐकलेला असतो.

याच गालिच्यामागें एक दुःखद इतिहासही आहे. एकोणिसाव्या शतकांत काश्मिरी शालींना युरोपांत, विशेषतः फ्रान्समध्यें, मोठी मागणी होती. त्यांच्या नकला युरोपांत यंत्रावर निघूं लागल्या, आणि स्कॉटलंडमधील पेझ्ली गांवीं त्या इतक्या झाल्या कीं, कोयरीचा तो बुट्टा पाश्चात्य देशांत पेझ्लीच्याच नांवानें ओळखला जाऊं लागला. १८७० सालीं फ्रान्स आणि प्रशिया यांच्यांत युद्ध पेटलें व काश्मीरचें मोठें गिऱ्हाईक तुटलें. पाठोपाठ शालींची आवडही ओसरली. १८७७ ते १८७९ च्या दुष्काळानें उरल्यासुरल्या विणकरांची दाणादाण उडविली. पुढें त्यांतील कित्येक गालिच्यांच्या मागांकडे वळले. परदेशांतील दिवाणखान्यांची हौस पालटली, आणि श्रीनगरच्या घरांतील चुली थंड पडल्या. सजावटीची आवड ही केवळ आवडनिवड राहत नाहीं, कोणाच्या तरी पोटाशीं तिची गांठ असते, हें या हकीकतीवरून दिसतें.

देशोदेशींच्या कलांनीं घर सजविण्याची कल्पना आजकालची आहे, असा एक समज आढळतो. तो बरोबर नाहीं. सतराव्या व अठराव्या शतकांत कोरोमंडल किनाऱ्यावरील रंगारी सुती कापडावर फुलाफळांनीं लहडलेला वृक्ष रेखीत, आणि तें कापड युरोपांत पलंगावर व भिंतींवर शोभे. इंग्रजींत त्याला मिळालेलें ‘पालमपोर’ हें नांव मूळच्या ‘पलंगपोस’ या शब्दाचें रूपांतर होय. नमुने व्यापाऱ्यांनीं पाठवावे, त्यांत चिनी व इराणी वळण मिसळावें, आणि रंग मात्र हिंदी रंगाऱ्याच्या हातचा असावा, असा तो मिलाफ होता. धुतलें तरी न जाणारे हे रंग तिकडील कारागिरांना त्या वेळीं साधत नव्हते. तेथील विणकरांच्या रक्षणासाठीं फ्रान्सनें १६८६ पासून १७५९ पर्यंत अशा कापडावर बंदी घातली. इंग्लंडनें १७२१ च्या कायद्यानें छापील सुती कापड अंगावर घालण्यास व घरांत वापरण्यासही मनाई केली. घरांतील एका चादरीसाठीं राज्यांना कायदे करावे लागले!

जावाच्या बाटिकची कथा याहून गोड आहे. गुजरातेंतील पाटणचें पटोळें व्यापारी गलबतांतून जावाला गेलें आणि तेथें मानाचें वस्त्र ठरलें. त्याची नक्षी जावाच्या स्त्रियांनीं मेणानें कापडावर उतरविली. ‘जलाम्प्रांग’ म्हणून जो बाटिकचा नमुना प्रसिद्ध आहे, तो पटोळ्यावरूनच घेतलेला आहे. १९२७ सालीं रवींद्रनाथ ठाकूर जावाच्या प्रवासास गेले. त्यानंतर शांतिनिकेतनांत बाटिकचें शिक्षण रुजलें, आणि त्यांत प्रतिमादेवी ठाकूर यांचा वाटा मोठा होता. गुजरातेंतून गेलेला आहेर शतकांनंतर बंगालच्या दारानें परत आला. बाटिकचाही खरेपणा पाठीमागेंच कळतो. वितळलेलें मेण कापडांत मुरतें, रंग मेण नसेल तेथें धरतो, आणि शेवटीं उकळत्या पाण्यांत मेण निघून जातें. त्यामुळें रंग दोन्ही बाजूंस जवळजवळ सारखा उमटतो. केवळ वरून छापलेल्या नकलेची पाठ बहुधा फिकी असते.

महाराष्ट्र व त्याच्या शेजारचा मुलूख यांनींही दूरच्या कला अशाच घरच्या करून घेतल्या. बिदरचें काम बहामनी काळांत इराणकडील कारागिरांनीं आणलें, अशी परंपरा आहे. जस्तांत थोडें तांबें मिसळून भांडें ओततात, त्यावर नक्षी कोरतात, आणि कोरलेल्या रेघांत चांदीची तार ठोकून बसवितात. मग बिदरच्या जुन्या किल्ल्यांतील माती नवसागराबरोबर पाण्यांत कालवून त्या गरम पाण्यांत भांडें बुडवितात. जस्त काळें पडतें, चांदी तशीच पांढरी राहते. दुसरें उदाहरण हिमरूचें. छत्रपति संभाजीनगर, म्हणजे पूर्वींचें औरंगाबाद, येथील हें वस्त्र किनखापाच्या वळणावर सूत व रेशीम यांचें विणतात. त्याच्या पाठीमागें रेशमाचे मोकळे धागे दिसतात, आणि त्यांनींच त्याला मऊपणा येतो.

तिसरें उदाहरण सावंतवाडीच्या गंजिफांचें. बाबरानें १५२७ सालीं सिंधच्या शाह हसनकडे गंजिफांचे पत्ते पाठविल्याचें त्याच्याच आत्मवृत्तांत नमूद आहे. इराणी वळणाच्या या खेळाला हिंदुस्थानांत दशावतारांचें रूप मिळालें. दहा अवतारांचे प्रत्येकीं १२, असे १२० गोल पत्ते. ही कला नामशेष होण्याच्या बेतास आली असतां सावंतवाडीच्या राजघराण्यानें १९७० नंतर राजवाड्यांतच कारागिरांना आश्रय देऊन ती सांवरली. असे पत्ते विकत घेऊन कांचेच्या चौकटींत कोंडणारीं घरें पुष्कळ आहेत. सुटीच्या दुपारीं मुलांनीं त्यांचा डाव मांडला, तर ते त्या घरचे होतील.

येथेंच या विषयाचें मर्म आहे. पाहुण्याला कोणी काम सांगत नाहीं, आणि काम नसलेली वस्तु घरांत कितीही दिवस राहिली तरी पाहुणीच राहते. हिमरूची चादर बैठकीवर पसरावी. बिदरी डब्यांत सुपारी ठेवावी. नक्षीदार दिव्याखालीं संध्याकाळीं कोणी तरी बसावें. ज्या वस्तूला घरांत काम नाहीं आणि जिच्याविषयीं प्रेमही नाहीं, ती दुकानांत राहिलेली बरी. एका खोलींत एकच वस्तु बोलकी असावी व इतरांनीं तिला साथ द्यावी. सगळ्याच एकदम बोलूं लागल्या म्हणजे दिवाणखान्याचा बाजार होतो.

कांहीं वस्तु मुळांत शोभेच्या नसतातच. जावांतील ती चामड्याची बाहुली रामायण-महाभारताच्या छायाखेळांतील पात्र असते. सिंधुदुर्गांतील पिंगुळीच्या ठाकरांच्या चामड्याच्या बाहुल्यांशीं तिचें जवळचें नातें आहे. देव्हाऱ्यांतील टाक कोणा परक्यानें नेऊन हौसेनें पादत्राणांच्या कपाटावर टांगला, तर महाराष्ट्रीय मनाला काय वाटेल? तीच भावना दुसऱ्याच्या मुखवट्याविषयीं व मूर्तीविषयीं ठेवावी. ती वस्तु तिच्या मुलखांत कशाची आहे हें आधीं विचारावें, आणि मग जागा ठरवावी.

वस्तु घेणें सोपें, राखणें कठीण. आणि मुंबई-कोंकणच्या दमट हवेंत तर फारच कठीण. पावसाळ्यांत लोकरी गालिच्याला बुरशी व कसर यांचें भय असतें. म्हणून पावसापूर्वीं तो उलटून झटकावा, पूर्ण वाळवावा, आणि गुंडाळून कोरड्या, उंच जागीं ठेवावा. घडी घालूं नये. वेत व बांबू यांचें सामान ओल्या भिंतीला टेंकवूं नये. वनस्पतींच्या रंगांचें कापड उन्हाच्या झोतांत ठेवल्यास विटतें. ते पडदे पूर्वेपश्चिमेच्या खिडकीला न लावणेंच बरें. बिदरी वस्तूला चिंच किंवा राख लावून घासूं नये, काळा रंग निघून जाईल. खोबरेल तेलाचा हात देऊन मऊ फडक्यानें पुसली कीं पुरें.

राहिला किंमतीचा प्रश्न. २०१९-२० च्या हातमाग गणनेप्रमाणें देशांत सुमारें ३५ लक्ष माणसें या उद्योगांत होतीं, आणि त्यांत स्त्रियाच अधिक. महिनोन् महिने चाललेलें काम यंत्राच्या भावानें मागणें म्हणजे ते दिवस फुकट मागणें. ज्याला तितकी किंमत परवडत नाहीं, त्यानें मोठ्या गालिच्याची नक्कल घेण्याऐवजीं लहानसें खरें आसन घ्यावें. दोन्हींना पैसे सारखेच पडतील, पण दुसऱ्या सौद्यांत एका कारागिराचा दिवस सार्थकीं लागेल.

आणि कांहींच विकत घेणें शक्य नसेल, तर माळ्यावरची गोधडी खालीं काढावी. जुन्या लुगड्यांचे व धोतरांचे थर, त्यांवर धांवदोऱ्याचे टांके. बंगालची कांथा हिचीच बहीण, आणि निळ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्यानें टांके घालणारें जपानचें साशिको हें हिचें दूरचें नातलग. ती धुऊन, वाळवून कोचावर पसरावी. तिला सुलट-उलट असा भेद फारसा नाहीं. टांके दोन्हीकडे दिसतात. मघांच्या त्या मुलानें हिचाही कोपरा उचलून “ही कोणीं केली?” असें विचारलें, तर उत्तरासाठीं दुकानाचें नांव आठवावें लागणार नाहीं. पणजीचें नांव घरांत अजून कोणाला तरी ठाऊक असेल. तें सांगून झालें म्हणजे, गालिच्याच्या गांठी मारणारांचें नांवगांव आपण कधीं विचारलें नाहीं, ही खंत यजमानांच्या मनांत उभी राहावी, आणि पुढल्या खरेदीच्या वेळीं त्यांनींही वस्तूचा कोपरा उचलून पाहावा.