सेवाभावी संस्थांचे आपत्कालीन नियोजन
(व्याख्यानाचा संपादित मजकूर)

6 ऑगस्ट 2001 रोजी पहाटे तामिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यातील एरवाडी येथे मनोरुग्णांच्या एका आश्रयस्थानाला आग लागली आणि 28 रुग्णांचा मृत्यू झाला. रुग्णांना साखळदंडांनी बांधून ठेवलेले असल्यामुळे त्यांना बाहेर पडता आले नाही. त्यानंतर तीन वर्षांनी, 16 जुलै 2004 रोजी, त्याच राज्यातील कुंभकोणम येथे एका शाळेच्या स्वयंपाकघरात लागलेली आग गवती छपरापर्यंत पोहोचली आणि 94 बालके दगावली. या दोन्ही दुर्घटनांच्या वेळी भूकंप झालेला नव्हता, महापूर आलेला नव्हता. ज्या ठिकाणी माणसे आधारासाठी आली होती, त्या ठिकाणीच आपत्ती उद्भवली. सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही घटनांची दखल घेतली आणि 2009 मध्ये देशातील शाळांच्या अग्निसुरक्षेबाबत सविस्तर निर्देश दिले. या घटनांनी उपस्थित केलेला प्रश्न मात्र शाळांपुरता मर्यादित नाही. वृद्धाश्रम, बालगृहे, दिव्यांगांची वसतिगृहे, पाळणाघरे, सामुदायिक स्वयंपाकघरे आणि फिरती आरोग्यकेंद्रे चालविणाऱ्या असंख्य संस्थांना तो लागू होतो. इतरांच्या संकटात धावून जाणाऱ्या या संस्थांची स्वतःच्या संकटासाठी कितपत तयारी असते, हा तो प्रश्न होय.

तीन जबाबदाऱ्या

आपत्तीच्या प्रसंगी सेवाभावी संस्थेवर तीन प्रकारच्या जबाबदाऱ्या येतात. संस्थेवर अवलंबून असलेल्या व्यक्तींचे आणि कर्मचाऱ्यांचे प्राण वाचविणे ही पहिली. नेहमीची सेवा खंडित होऊ न देणे, म्हणजेच सेवासातत्य राखणे, ही दुसरी. बाहेरील आपद्ग्रस्तांना मदत करणे ही तिसरी. महत्त्वाचा क्रम हाच असला तरी व्यवहारात तो अनेकदा उलटा होतो. मदतसाहित्याचे वाटप डोळ्यांना दिसते, त्यासाठी देणग्याही मिळतात. क्षयरोग्याला रोजची गोळी वेळेवर मिळाली किंवा पाळणाघर तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू झाले, याची बातमी होत नाही.

सेवा खंडित होण्याची आर्थिक किंमत मात्र मोठी असते. पाळणाघर बंद पडले की मजूर मातेचा रोजगार बुडतो. औषधोपचारात खंड पडला की रोग बळावतो आणि पुढील उपचार अधिक खर्चिक होतात. हे नुकसान घरांच्या पडझडीसारखे पंचनाम्यात नोंदले जात नाही आणि त्याची भरपाईही मिळत नाही. ते दुर्बल कुटुंबांच्या खात्यावर निमूटपणे जमा होते.

कायद्याची चौकट

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, 2005 नुसार नैसर्गिक वा मानवनिर्मित कारणांनी, अपघाताने अथवा हलगर्जीपणाने घडलेली आणि बाधित क्षेत्रातील समाजाच्या तोंड देण्याच्या क्षमतेपलीकडची गंभीर घटना म्हणजे आपत्ती होय. या व्याख्येत समाजाच्या क्षमतेला मध्यवर्ती स्थान आहे. क्षमता वाढली तर तीच घटना आपत्तीचे रूप धारण करीलच असे नाही. म्हणून क्षमतावर्धन हा आपत्ती व्यवस्थापनाचा गाभा ठरतो.

या अधिनियमाने राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा अशा तीन पातळ्यांवर प्राधिकरणांची रचना केली. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे असते आणि स्थानिक स्वराज्य संस्थेचा निर्वाचित प्रतिनिधी सहअध्यक्ष असतो. प्रत्येक जिल्ह्यासाठी आपत्ती व्यवस्थापन आराखडा तयार करणे बंधनकारक आहे. 2025 मध्ये झालेल्या दुरुस्तीने राज्यांच्या राजधान्या आणि महापालिका असलेली मोठी शहरे यांच्यासाठी नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची तरतूद केली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधील कलम 8 चाही येथे उल्लेख केला पाहिजे. त्यानुसार जिल्ह्यातील दिव्यांग व्यक्तींची नोंद ठेवणे आणि धोक्याच्या प्रसंगी त्यांना माहिती देण्याची योग्य व्यवस्था करणे ही जिल्हा प्राधिकरणाची जबाबदारी आहे. ही नोंद अद्ययावत ठेवायची तर घरोघरी पोहोचणाऱ्या संस्थांचे साहाय्य घेणे अपरिहार्य ठरते.

अनुभवांची शिदोरी

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या जिल्ह्यांत हजारो बळी घेतले. पुनर्वसनाच्या काळात घरांच्या दुरुस्ती व मजबुतीकरणाच्या कार्यक्रमात ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या साहाय्याने गावोगावच्या महिला मंडळांना संवाद साहाय्यकाची भूमिका देण्यात आली. शासनाची योजना घरमालकांना समजावून सांगणे आणि घरमालकांच्या अडचणी शासनापर्यंत पोहोचविणे हे त्यांचे काम होते. 2001 मध्ये गुजरात भूकंपाने हादरले, तेव्हा लातूर भागातील याच महिला आपला अनुभव सांगण्यासाठी तेथे गेल्या. आपद्ग्रस्त हा केवळ लाभार्थी नसून उद्याचा मार्गदर्शकही असतो, हे त्यातून दिसून आले.

कच्छचा अनुभव समन्वयाचे महत्त्व सांगतो. 1998 च्या चक्रीवादळानंतर तेथील संस्थांनी एकत्र येऊन ‘कच्छ नवनिर्माण अभियान’ हे व्यासपीठ उभारले होते. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपानंतर याच व्यासपीठाने गावसमूहांसाठी ‘सेतू’ केंद्रे चालविली. कोणत्या गावात काय पोहोचले, काय पोहोचले नाही आणि शासनाचा कोणता निर्णय कोणाला लागू आहे, याची माहिती तेथे मिळे. संस्थांची परस्पर ओळख आधीपासून होती, म्हणून हे काम लवकर उभे राहिले.

ओडिशाचे उदाहरण सातत्यपूर्ण तयारीचे आहे. 29 ऑक्टोबर 1999 च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्याच वर्षी राज्याने आपत्ती व्यवस्थापनासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केले. किनाऱ्यावर बहुउद्देशीय चक्रीवादळ निवारे बांधले गेले आणि त्यांची देखभाल ग्रामस्थांच्या समित्यांकडे सोपविण्यात आली. ऑक्टोबर 2013 मध्ये ‘फायलिन’ चक्रीवादळ धडकण्यापूर्वी सुमारे दहा लाख लोकांना सुरक्षित स्थळी हलविण्यात आले आणि राज्यातील मृत्यूंची संख्या शंभराच्या आत राहिली. निवाऱ्याची इमारत एरवी शाळा किंवा सभागृह म्हणून वापरात असल्यामुळे तिच्या किल्ल्या कोणाकडे आहेत, हे गावाला ठाऊक असते. नियोजनात अशा छोट्या गोष्टीच निर्णायक ठरतात.

केरळमध्ये 1998 पासून कार्यरत असलेल्या ‘कुटुंबश्री’च्या महिला गटांनी 2018 च्या महापुरानंतर घरे आणि सार्वजनिक इमारती स्वच्छ करण्याचे काम हाती घेतले. 2020 च्या टाळेबंदीत त्यांनी स्थानिक स्वराज्य संस्थांबरोबर सामुदायिक स्वयंपाकघरे चालविली. त्याच काळात देशभर शाळा आणि अंगणवाड्या बंद झाल्या, तेव्हा शिजविलेल्या आहाराऐवजी शिधा घरपोच देण्याचा पर्याय अनेक राज्यांनी स्वीकारला. सेवेचे ठिकाण बंद झाले तरी सेवेचे स्वरूप बदलून ती चालू ठेवता येते, हा त्या वर्षाचा धडा होय.

आराखड्यात काय असावे

संस्थेचा आपत्कालीन आराखडा जाडजूड असण्याची गरज नाही. तो कर्मचाऱ्यांना पाठ असावा आणि रात्रीच्या पाळीतील एकट्या सेविकेलाही वापरता यावा.

पहिली पायरी धोक्यांच्या यादीची. पूररेषा, भूकंपप्रवणता, वीजजोडणी, गॅसची टाकी, अरुंद जिना, कुलूपबंद दार या प्रत्येक बाबीची पाहणी व्हावी. दुसरी पायरी माणसांच्या यादीची. कोण चालू शकत नाही, कोणाला ऐकू येत नाही, कोणाला कोणते औषध रोज लागते आणि नातेवाइकांचा संपर्क काय, याची छापील प्रत इमारतीबाहेरही उपलब्ध असावी. वीज आणि दूरध्वनी बंद पडल्यावर संगणकातील यादी निरुपयोगी ठरते.

तिसरी बाब अधिकारांच्या हस्तांतरणाची. सचिव गावाबाहेर असताना स्थलांतराचा निर्णय कोणी घ्यावा, बँकेतून पैसे कोणाच्या सहीने काढावेत, हे लेखी ठरलेले असावे. एका व्यक्तीच्या सहीवर चालणाऱ्या संस्था पहिल्याच दिवशी अडतात. चौथी बाब कर्मचाऱ्यांची. पुराच्या वेळी त्यांचीही घरे पाण्यात असतात. ते सर्वजण कामावर येतील, असे गृहीत धरणारा आराखडा कागदावरच राहतो. निम्म्या मनुष्यबळात कोणती कामे चालू ठेवावयाची आणि कोणती थांबवावयाची, हे आधीच ठरवावे लागते. पाचवी बाब परस्पर कराराची. शेजारच्या गावातील संस्थेशी किंवा शाळेशी तात्पुरत्या निवाऱ्याबाबत लेखी समझोता असावा.

यानंतर साठ्याचा हिशेब येतो. आंतरराष्ट्रीय स्तरावर मान्यता पावलेल्या ‘स्फिअर’ मानकांनुसार दर माणशी दररोज किमान 15 लिटर पाणी आणि निवाऱ्यात 3.5 चौरस मीटर जागा आवश्यक मानली जाते. 60 निवासी असलेल्या वसतिगृहाचे उदाहरण घेतल्यास दररोज 900 लिटर, म्हणजे तीन दिवसांसाठी 2,700 लिटर पाणी आणि पर्यायी निवाऱ्यासाठी 210 चौरस मीटर जागा लागेल. एवढी आकडेमोड केली की समोरचे मंदिराचे सभागृह पुरेसे आहे की नाही, याचे उत्तर आपोआप मिळते.

शेवटची आणि बहुधा राहून जाणारी बाब रंगीत तालमीची. वर्षातून किमान दोनदा, त्यांतील एकदा रात्री, निवासींसह तालीम घ्यावी. आपत्कालीन मदतीचा 112, रुग्णवाहिकेचा 108 आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 हे क्रमांक भिंतीवर असावेत. तालमीत उघड झालेल्या उणिवा आराखड्यात लगेच दुरुस्त झाल्या, तरच तालमीला अर्थ राहतो.

निधीचा प्रश्न

पूर्वतयारीवरील खर्च टाळला जातो, त्यामागे आर्थिक कारण आहे. खर्च आज करावा लागतो. लाभ कधी होईल हे अनिश्चित असते, आणि आपत्ती टळली तर तो दिसतही नाही. अनुदाने ठरावीक योजनांशी बांधलेली असतात, त्यामुळे राखीव निधी उभारण्यास वाव कमी असतो. देणग्यांचा ओघ आपत्तीनंतर येतो आणि काही आठवड्यांत आटतो.

धोरणाच्या पातळीवर मात्र बदल झाला आहे. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-26 या कालावधीसाठी राज्यांच्या आपत्ती जोखीम व्यवस्थापन निधीकरिता 1,60,153 कोटी रुपयांची शिफारस केली. त्यातील 20 टक्के सौम्यीकरणासाठी आणि 80 टक्के प्रतिसादासाठी होते; या 80 टक्क्यांपैकी 40 प्रतिसाद व मदतकार्यासाठी, 30 पुनर्प्राप्ती व पुनर्बांधणीसाठी आणि 10 पूर्वतयारी व क्षमतावर्धनासाठी राखून ठेवण्यात आले. 2019 मध्ये कंपनी अधिनियमाच्या सातव्या अनुसूचीत आपत्ती व्यवस्थापनाचा समावेश झाल्याने कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्व निधीतूनही या कामासाठी खर्च करता येतो. दुसरीकडे, 2020 च्या दुरुस्तीनंतर परदेशातून मिळालेला निधी एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे हस्तांतरित करता येत नाही. त्यामुळे मोठ्या संस्थेकडून ऐनवेळी रक्कम मिळेल, या भरवशावर छोट्या संस्थांना राहता येणार नाही. दरमहा थोडी रक्कम बाजूला काढून दोन ते तीन महिन्यांचे वेतन आणि अन्नधान्य भागेल एवढी गंगाजळी स्वतः उभारणे, तसेच इमारत व साधनसामग्रीचा विमा उतरविणे, हाच व्यवहार्य मार्ग होय.

समारोप

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या ‘आपदा मित्र’ योजनेची 2016 मध्ये 30 जिल्ह्यांत सुरुवात झाली आणि 2021 पासून एक लाख स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणाचे उद्दिष्ट ठेवून ती 350 जिल्ह्यांत विस्तारली. प्रत्येक सेवाभावी संस्थेतील एक तरी कर्मचारी अशा प्रशिक्षणात सहभागी व्हावा आणि संस्थांचे आराखडे जिल्हा आराखड्याला जोडले जावेत. जिल्हा प्रशासनाने निवासी संस्थांना परवाना वा अनुदान देताना तालमीची नोंद तपासली, तर नव्या कायद्याचीही गरज भासणार नाही.

एरवाडीच्या रुग्णांना वाचविण्यासाठी फार मोठ्या निधीची किंवा तंत्रज्ञानाची आवश्यकता नव्हती. साखळदंड नसते, दार उघडे असते आणि जबाबदार माणूस जागेवर असता तर त्या पहाटेचा शेवट वेगळा झाला असता. जो स्वतः पळू शकत नाही, त्याला सोबत घेऊन बाहेर कोण पडेल, याचे उत्तर नावानिशी लिहून ठेवणे ही आपत्कालीन नियोजनाची सुरुवात आहे.