राहायचं कुठे, हा आधीचा प्रश्न



पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात तुमच्यापुढे तीन प्रश्न उभे राहतात. तीन वर्षांवर थांबायचं की चौथं वर्ष करून ऑनर्स घ्यायचं? परदेशी शिकायला जायचा प्रयत्न करायचा का? आणि गाव सोडून जायचं ठरलंच, तर राहायचं कुठे? पहिल्या दोन प्रश्नांवर आपण भरपूर बोलतो. त्यांच्यावर व्याख्यानं होतात, माहितीपत्रकं निघतात, प्राध्यापक वेळ देतात. तिसरा प्रश्न मात्र प्रवेश झाल्यानंतरच्या धावपळीच्या आठवड्यावर सोडलेला असतो. वडील कुणा नातेवाइकाला फोन करतात, एखादा मित्र कॉट बेसिसवर जागा असल्याचं कळवतो आणि मिळेल तिथे ट्रंक टेकवली जाते. हा क्रम उलटा आहे, असं माझं ठाम मत आहे. पहिल्या दोन प्रश्नांची कोणती उत्तरं तुम्हाला खरोखर परवडतील आणि पेलतील, हे बहुतेक वेळा तिसरा प्रश्न ठरवतो. म्हणून तो हिशेबात सगळ्यात आधी यायला हवा. तुमच्या हिशेबात तर यायलाच हवा, पण त्याहून अधिक आम्हा मोठ्यांच्या हिशेबात.

सातारा जिल्ह्यात उभं राहून हे सांगताना मला वेगळा दाखला शोधायची गरज नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली काले इथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. 1924 मध्ये साताऱ्यात त्यांनी वसतिगृह सुरू केलं. संस्थेचं महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं 1940 मध्ये आणि छत्रपती शिवाजी कॉलेज 1947 मध्ये. हा क्रम नीट पाहा. आधी मुलांना राहायला आणि जेवायला जागा, मग शाळा, मग महाविद्यालय. त्याच्याही आधी राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात हेच केलं होतं. 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, 1908 मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, आणि वेगवेगळ्या समाजांसाठी अशी कितीतरी वसतिगृहं. शाळा तेव्हाही होत्या. खेड्यातल्या पोराला त्या शाळेच्या गावात रात्रीची पथारी टाकायला जागा आणि दोन वेळची भाकरी नव्हती. पुण्यात ज्यांची ओळख होती त्यांना वार लावून जेवता येत असे, माधुकरी मागता येत असे. पण ती दारंही जात पाहूनच उघडत. रयतच्या बोर्डिंगमधल्या मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रसुद्धा मोडलं, हे या जिल्ह्यातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. या माणसांच्या लेखी वसतिगृह म्हणजे शिक्षणाला मागाहून जोडलेली सोय नव्हती. शिक्षणाची सुरुवातच तिथून होत होती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं शिक्षण या दृष्टीने पाहावं. 1913 मध्ये सयाजीराव गायकवाडांनी दिलेल्या महिना साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे लिव्हिंगस्टन हॉल या विद्यार्थी वसतिगृहात ते नवल भथेना यांच्याबरोबर राहिले आणि त्या एका खोलीतून आयुष्यभराची मैत्री मिळाली. लंडनमधलं अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला 1920 साली ते पुन्हा निघाले, तेव्हा त्यांना कर्जाऊ पैसे देणाऱ्यांत भथेना होते. वसतिगृहातला शेजार काय देऊ शकतो, हे इथे दिसतं. पण याच आयुष्यात उलट बाजूही आहे. 1917 मध्ये ते बडोद्याला संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. कोलंबियाची पदवी होती, महाराजांचा पाठिंबा होता, हुद्दा होता. त्या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी सराईत ओळख लपवून राहावं लागलं आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढलं. बडोदा सोडावं लागलं. इतकी विद्वत्ता असलेला माणूस जागेअभावी एका शहरातून परत फिरतो, ही घटना केवळ जुनी म्हणून बाजूला ठेवू नका. आजही आपल्या शहरांत खोली दाखवण्याआधी आडनाव विचारलं जातं, काय खाता हे विचारलं जातं, आणि मग जागा कालच गेल्याचं सांगितलं जातं.

आता तुमच्या समोरच्या निवडीकडे येऊ. नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांनी पदवी आणि चार वर्षांनी ऑनर्स. त्यात पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के किंवा अधिक गुण असतील, तर संशोधनासह ऑनर्स घेता येतं. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांनी हे 2023-24 पासून सुरू केलं आणि संलग्न महाविद्यालयांत ते 2024-25 पासून आलं. म्हणजे संलग्न महाविद्यालयांची पहिली तुकडी चौथ्या वर्षात जाईल ती 2027-28 मध्ये. बरेच पालक या चौथ्या वर्षाकडे एक वर्ष वाया म्हणून पाहतात. पण तीन वर्षांच्या पदवीनंतर एम.ए. किंवा एम.एस्सी. दोन वर्षांचं, आणि चार वर्षांच्या ऑनर्सनंतर एकच वर्षाचं. एकूण पाच वर्षं दोन्हीकडे सारखीच. फरक पडतो तो त्यातली किती वर्षं घरी राहून होतात आणि किती भाड्याच्या खोलीत, एवढ्यात. ज्या विभागात मान्यताप्राप्त मार्गदर्शक आणि प्रयोगशाळा आहे, तिथल्या विद्यार्थ्याचं चौथं वर्ष आपल्याच तालुक्यात होईल आणि शहरातलं वास्तव्य दोन वर्षांऐवजी एकाच वर्षाचं राहील. जिथे तशी सोय नाही, तिथल्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षालाच पुणे किंवा कोल्हापूर गाठावं लागेल. म्हणजे ऑनर्स घ्यावं की नाही हा वरवर अभ्यासक्रमाचा वाटणारा प्रश्न मुळात कोणती वर्षं कुठे राहून काढायची याचा आहे. गुणवत्ता यादीत नाव आल्यावर तो सुटत नाही.

यावर कुणी म्हणेल की शासन मदत करतंच. करतं, आणि ती मदत मोलाची आहे. 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या इतर मागासवर्गीय, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. मला या निर्णयाचा मनापासून आनंद आहे. पण फी माफ झालेल्या मुलीला शहरात पाठवताना आईवडील फीचा आकडा विचारत नाहीत, ती कुठे राहणार हे विचारतात. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् योजना आहे, इतर मागासवर्गीयांसाठी आधार योजना आहे, आणि आर्थिकदृष्ट्या मागास घरांतल्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. स्वाधारचाच हिशेब घ्या. मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांत वर्षाला 60 हजार रुपये, त्यांपैकी निवासासाठी 20 हजार. दहा महिन्यांवर वाटले तर महिन्याला दोन हजार. तेवढ्यात पुण्यात सुरक्षित जागेत एक कॉट मिळणं अवघड आहे, मेसचा डबा तर वेगळाच. शिवाय रक्कम खात्यात येईपर्यंत घरमालक थांबत नाही आणि डिपॉझिट तर पहिल्याच दिवशी मोजावं लागतं. तरीही या योजनांचे अर्ज न केलेली मुलं प्रत्येक महाविद्यालयात असतात, केवळ मुदत माहीत नव्हती म्हणून. प्रवेशाच्या अर्जाइतकाच हा अर्ज महत्त्वाचा आहे, हे कृपा करून मनावर घ्या.

परदेशाच्या बाबतीत हाच मुद्दा अधिक उघडपणे दिसतो, कारण तिथली सरकारंच तो विचारतात. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही, हे ऐकून अनेकांना वाटतं की तिथे फुकट शिकता येतं. पण व्हिसा मागताना वर्षभराच्या राहण्या-जेवण्याचे 11,904 युरो विशेष खात्यात अडकवून दाखवावे लागतात. आजच्या दराने ही रक्कम बारा लाख रुपयांच्या आसपास जाते. दरमहा त्यातले 992 युरोच हातात येतात. विद्यार्थी वसतिगृहांची प्रतीक्षायादी लांबलचक असते, म्हणून प्रवेशाचं पत्र येण्याची वाट न पाहता खोलीचा अर्ज आधीच भरावा लागतो. तिथे पोचल्यावर आपला पत्ता नगर कार्यालयात नोंदवायचा, तर घरमालकाचं लेखी पत्र लागतं. पत्त्याची नोंद नसेल तर पुढची कागदपत्रं अडतात. कॅनडाने 2024 च्या सुरुवातीला निर्वाहासाठी दाखवायची रक्कम 10,000 डॉलरवरून 20,635 डॉलरवर नेली आणि त्याच महिन्यात विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली. घरांची टंचाई हे त्यामागचं एक जाहीर कारण होतं. नेदरलँड्समधल्या काही विद्यापीठांनी तर 2022 मध्ये परदेशी विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगितलं की खोली ठरली नसेल तर येऊ नका. प्रवेश देऊन झाल्यावर विद्यापीठाने असं म्हणणं मला योग्य वाटत नाही, पण ते खरं बोलले. फोटो पाहून अनोळखी माणसाला आगाऊ डिपॉझिट पाठवणारे विद्यार्थी फसतात ते याच टंचाईमुळे.

इथे ऑनर्सचा धागा पुन्हा येतो. अमेरिकेतली अनेक विद्यापीठं पदव्युत्तर प्रवेशासाठी चार वर्षांची पदवी मागतात, ब्रिटनमध्ये तीन वर्षांची चालते. म्हणजे चौथं वर्ष इथे घरी राहून केलं तर अमेरिकेचा दरवाजा उघडतो, आणि तेही डॉलरमध्ये भाडं न भरता. एक मधली वाटही आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार भारतीय आणि परदेशी संस्थांना जोड अभ्यासक्रम चालवता येतात. त्यांच्या ट्विनिंग प्रकारात 30 टक्क्यांपर्यंत श्रेयांक परदेशी संस्थेतून मिळवता येतात. दोन वर्षांचं परदेशी भाडं परवडत नसेल, त्याला एखादं सत्र परवडू शकतं. आपल्या विद्यापीठाचे असे करार कुणाशी आहेत, हे विचारायला संकोच करू नका.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप मोठ्या आदराने घेतला जातो. पूर्वीची माणसं रस्त्यावरच्या दिव्याखाली शिकली, अर्धपोटी राहून शिकली, मग आजच्या मुलांना खोलीचं एवढं काय? जे तसे शिकले त्यांना माझा नमस्कार आहे. पण आपण फक्त पोचलेल्यांची नावं मोजतो. त्याच दिव्याखाली बसून जे मध्येच परतले, त्यांची यादी कुणी ठेवली नाही. भाऊराव स्वतः कष्टाचे कैवारी होते, कमवा आणि शिका ही त्यांचीच शिकवण. तरीही त्यांनी मुलांना दिव्याखाली सोडलं नाही, छप्पर दिलं. श्रम करून शिकणं आणि निवाऱ्यावाचून शिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना स्पष्ट ठाऊक होतं.

दुसरा आक्षेप असा की रोज एसटीने ये-जा करता येते. पदवीच्या वर्गांसाठी येतेही. संशोधनासह ऑनर्स घेणाऱ्याला मात्र प्रयोग संध्याकाळी सहाला थांबवता येत नाही. शेवटच्या गाडीची वेळ हीच ज्याच्या प्रयोगशाळेची वेळ आहे, त्याचा प्रबंध त्या गाडीपुरताच होतो. यात मुलींचं नुकसान सर्वांत जास्त आहे, कारण त्यांना घरून मिळालेली वेळ त्याहूनही अलीकडची असते.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात गंभीर वाटतो. राहण्याच्या खर्चाचं आधीच बोललं, तर गरीब घरं घाबरतील आणि मुलांना, विशेषतः मुलींना, पाठवणारच नाहीत. ही भीती खोटी नाही. पण आकडा लपवून ती जात नाही, पुढे ढकलली जाते. दुसऱ्या सत्रात भाडं थकतं आणि मूल परत येतं. नव्या रचनेत एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. ही लवचीकता चांगली आहे. तिचा एक धोकाही आहे: खोली परवडली नाही म्हणून सोडून गेलेली मुलगी कागदावर स्वेच्छेने बाहेर पडलेली दिसेल आणि तिला कुठे अडलं ते कुणी विचारणार नाही. आधी कळलेल्या आकड्यावर कर्ज काढता येतं, कारण शैक्षणिक कर्जात वसतिगृहाचा खर्च धरता येतो. योजनेचा अर्ज करता येतो, दुसरं शहर निवडता येतं. दुसऱ्या सत्रात अचानक कळलेल्या आकड्यावर फक्त घरी परतता येतं.

म्हणून प्राचार्यांना आणि माजी विद्यार्थी संघाला माझी एक विनंती आहे. या महाविद्यालयातून गेलेली मुलं-मुली आज पुण्यात, मुंबईत, कोल्हापुरात आहेत, काही परदेशातही आहेत. त्यांच्याकडून दरवर्षी एक यादी मागवा: कोणत्या भागात भाडं किती, डिपॉझिट किती, मेस कुठे बरी, कोणत्या वसतिगृहाचा अर्ज कधी निघतो, मुलींसाठी कोणती जागा नात्यातल्या मुलीला सांगावी अशी आहे. कोणता घरमालक आडनाव विचारतो, हेही त्यात असू द्या. ज्या विभागाला चौथं वर्ष इथेच चालवता येणार आहे, त्याने ते आत्ताच जाहीर करावं, म्हणजे मुलांना दोन्ही हिशेब शेजारी मांडता येतील. चौथ्या वर्षाचे पहिले वर्ग जून 2027 मध्ये भरतील. त्याआधीच्या मार्चपर्यंत ही यादी ग्रंथालयाच्या फलकावर लागलेली असावी.