चौक आणि जिवती



आमच्या ऑफिसच्या भिंतीवर वारली चित्रं आहेत. मी त्यांना डिझाइनच समजत होते. डहाणूकडचे जिव्या सोमा मशे लहानपणी आई गेल्यावर बोलेनासे झाले, मातीत रेघा ओढून सांगू लागले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या चौकातली पालघट देवी म्हणजे नक्षी नव्हे. तिचा चौक लिहिल्याशिवाय वारल्यांचं लग्न लागत नाही.

हे वाचलं आणि देवळालीतला आमचा देव्हारा आठवला. श्रावणात आजी जिवतीचा कागद लावायची. हत्तीवर बुध, वाघावर बृहस्पती आणि मुलं खेळवणाऱ्या दोन बायका. त्या कोण, मी कधी विचारलंच नाही. लक्ष सगळं पुरणावर! आता आजी नाही. तुमच्या घरी ती गोष्ट सांगणारं कुणी असेल, तर जेवताना मला गाठा. मी फोनवर रेकॉर्ड करून घ्यायला येते.