घमेल्याच्या ताशाला दिवे

नाशिक ढोल आता आपल्या गोदाकाठापुरता राहिलेला नाही. पार केरळातल्या मिरवणुकांतसुद्धा तो ‘नाशिक ढोल’ याच नावानं वाजतो. आज मात्र आम्ही बोलणार आहोत ताशाबद्दल, आणि तोही घरी केलेल्या ताशाबद्दल.

आमचं पथक लहान, आणि पैशाची तर बोंबच. ढोल आम्ही पाण्याच्या निळ्या पिंपांचे केले. ताशासाठी एक लोखंडी घमेलं घेतलं आणि नटबोल्टच्या रिंगेनं त्यावर प्लास्टिकचं पान ताणून बसवलं. आवाज तांब्याच्या ताशासारखा गोड नाही, पण खणखणीत आहे.

आमच्यात एक मावशी आहेत. मालेगावात यंत्रमागाच्या शेडमध्ये त्यांनी बरीच वर्षं काढली, तिथेच कान गेले. ढोलाचा टोल त्यांना छातीत कळतो, पायाखालच्या जमिनीतून कळतो. ताशा मात्र कळत नाही. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं काम केलं की आधी बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे होतात, आणि ताशाची काडी म्हणजे नेमका तोच आवाज. पथक चालतं ताशाच्या इशाऱ्यावर. ताल बदलायचा, थांबायचं, उचलायचं, सगळं ताशा सांगतो. सरावात दोनदा असं झालं की सगळ्या थांबल्या आणि मावशींचा एकटीचा टोल वाजत राहिला. कुणी हसलं नाही, पण त्या तिसऱ्या दिवशी आल्याच नाहीत.

मग आमच्यातली आयटीआयला जाणारी मुलगी म्हणाली, “ताशा दिसायला हवा.”

पहिला प्रयत्न फसला. आवाजावर पेटणारा तयार माइकवाला दिवा आणून ताशाला बांधला. पण शेजारी सहा ढोल! माइकला ढोल काय आणि ताशा काय, सगळं सारखंच. दिवा पेटला तो विझेचना. तेव्हा माइक काढला आणि साध्या बझरमधली पितळी चकती घेतली. तिला पिझो म्हणतात, दहा रुपयांच्या नाण्याएवढी असते. ती हवेतल्या आवाजापेक्षा ज्याला चिकटवाल त्याचं थरथरणं पकडते आणि त्याची वीज करते. आधी ती पानावर लावली, तर ताशाचा आवाजच दबला. मग घमेल्याच्या बुडाला लावली. फोमच्या दोन्हीकडे चिकटणाऱ्या पट्टीनं लावली तर फोमच थरथर पिऊन टाकतो. शेवटी एम-सीलनं पक्की बसवली आणि तारेच्या जोडावरही त्याचाच गोळा दाबला, नाहीतर तार रोज तुटायची.

पुढचं काम चकतीची वीज दिव्यांपर्यंत नेण्याचं. एक डायोड, बीसी ५४७ जातीचे दोन ट्रान्झिस्टर, चार लाल एलईडी आणि प्रत्येक एलईडीला १०० ओहमचा रेझिस्टर. शिवाय एक प्रीसेट, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरनं फिरवायचं बटण. ढोलाची जी थोडी थरथर घमेल्यापर्यंत येते तिनं दिवे लागू नयेत, एवढं ते फिरवून ठेवायचं. पॉवर बँक जोडून पाहिली, पण वीज इतकी कमी लागते की तिला वाटतं काहीच जोडलेलं नाही, आणि ती आपोआप बंद होते. तीन पेन्सिल सेल बरे.

मावशींच्या घरी जाऊन दाखवलं. आम्हाला वाटलं, झालं काम! त्यांनी दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाल्या, “गं, तुझा दिवा रेंगाळतो. काडी उठली तरी हा आपला पेटलेलाच.” खरंच होतं. दिवा डोळ्यांना बरा वाटावा म्हणून आम्ही १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घातला होता. १ लाख ओहमच्या रेझिस्टरमधून तो रिकामा व्हायला सेकंदभर लागतो. त्याजागी १ मायक्रोफॅरडचा घातला, वेळ एक दशांशावर आली. आता तर्री वाजली की दिवे थरथरतात, सुटी काडी पडली की एकदाच चमकतात, आणि ताशा थांबला की अंधार. तो अंधारच मावशींना हवा होता.

काही जणी म्हणाल्या, दिवे बाहेरच्या बाजूला लावा, लोकांना दिसतील. लेझर लावायचीही टूम निघाली. लेझर तर आम्ही ऐकूनच सोडून दिला, डोळ्यांशी खेळ नको. आणि दिवे आतल्या बाजूलाच ठेवले, वाजवणारीकडे तोंड करून. लोकांना ढोल पुरे.

त्याच आठवड्यात मावशींनी आम्हालाही विचारलं, “तुम्ही कानात काय घालता?” कुणीच काही घालत नव्हतं. एक-दोघी कापसाचे बोळे घालायच्या, पण त्यानं फारसं काही अडत नाही. आता मेडिकलच्या दुकानातले फोमचे बोळे आणलेत. बोटांत वळून बारीक करायचे, कान वर ओढून आत सारायचे आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचे. ते घातले की आम्हालाही ताशा कमी ऐकू येतो, आणि आम्हीही दिव्याकडे बघतो.