ओढ्याच्या काठाने



मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडला डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग हे नाव मिळून पुष्कळ वर्षे झाली, तरी रेडिओ-संगणकाचे सुटे भाग आणायला निघालेला माणूस अजून जुनेच नाव घेतो. ज्यांचे हे नाव ते लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. १९४० च्या मार्चमध्ये लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये उधमसिंगांनी ओडवायरवर गोळ्या झाडल्या, तेव्हा तिथे जखमी झालेल्यांत हेही एक होते. मात्र मुंबईला येण्यापूर्वी, १८९६ ते १९०१, ते ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडचे गव्हर्नर होते, आणि त्या प्रांताच्या दक्षिण सरहद्दीवरचे एक मोठे रान आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. त्या लॅमिंग्टन राष्ट्रीय उद्यानातल्या टूलोना क्रीकच्या काठाने आज तुम्हाला न्यावयाचे आहे. क्रीक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ठाण्याची खाडी उभी राहते. तिकडे मात्र डोंगरातल्या ओढ्याला क्रीक म्हणतात, रानाला बुश म्हणतात, आणि रानातून पायी हिंडण्याला बुशवॉकिंग.

हा मुलूख युगांबे लोकांचा, गोरा माणूस येण्याच्या हजारो वर्षे आधीपासूनचा. पुढे लाकूडतोड्यांची कुऱ्हाड तिथे येऊन ठेपली. रान राखावे म्हणून रॉबर्ट कॉलिन्स यांनी वर्षानुवर्षे खटपट केली आणि ते १९१३ साली वारले. त्यांचे काम रोमिओ लेही या तरुण इंजिनियराने उचलले. मौज अशी की लेही हा लाकडाच्या वखारवाल्याचा मुलगा. कनंग्रा गावी त्यांच्या घरची करवतीची गिरणी होती! १९१५ साली उद्यान जाहीर झाले. पुढे १९३० नंतरच्या मंदीत बेकार झालेल्या मजुरांच्या हातून तिथे पायवाटा बांधल्या गेल्या. चढ इतका बेताचा की चालणाऱ्याला धाप लागू नये. मला स्वतःला त्या रानातल्या कोणत्याही धबधब्यापेक्षा या वाटांचे कौतुक अधिक वाटते. का, ते पुढे सांगतो.

त्यासाठी आधी दगड पाहिला पाहिजे. सुमारे २ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी तिथे ट्वीड नावाचा ज्वालामुखी पेटला होता. आपला सह्याद्रीचा काळा दगड सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांचा, म्हणजे वयाने वडील. पण जात तीच. लाव्ह्याचा एक थर, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. कठीण थर पाण्याला दाद देत नाही, त्याच्या खालचा मऊ थर पोखरला जातो, मग वरचा तुकडा कोसळतो आणि कडा ताठ उभा राहतो. अशा डोंगरावरून ओढा उतरतो तो जिन्यासारखा. मात्र त्या जिन्याच्या पायऱ्या माणसाच्या पायाच्या मापाच्या नसतात.

फेरी १७.४ किलोमीटरची, चांगल्या चालणाऱ्याला पाच-सहा तास लागतात. ओ'रायली कुटुंबाच्या अतिथिगृहापासून सकाळी निघावे. प्रथम एलाबाना धबधबा लागतो, मग ओढा धरून वर चढत चलान, टूलोना आणि मधले कितीतरी लहानमोठे. दर वळणावर पाण्याचा आवाज आधी येतो आणि धबधबा मागून दिसतो. ओढा अनेकदा ओलांडावा लागतो. दगडांवर शेवाळ, पायांना जळवा. एका काटेरी वेलीला तिकडे ‘वकील वेल’ म्हणतात, कारण एकदा धरले की सोडत नाही (सभागृहातील वकीलमंडळींनी क्षमा करावी). ही वेल आपल्या वेताचीच बहीण आहे. दुसरे एक झाड असे की त्याच्या पानाला हात लागला तर आपली खाजकुइली परवडली म्हणाल. पाऊस पडून गेला की शेवंडासारखा दिसणारा एक निळाशार काटेरी प्राणी वाटेवर येतो आणि नांग्या उगारून तुम्हालाच दम देतो.

ओढा ओलांडण्याचे प्रकरण मात्र थट्टेचे नाही. तुमच्या डोक्यावर ऊन असते आणि वर माथ्यावर पाऊस कोसळत असतो. पाणी गढूळ झाले, त्यातून पालापाचोळा वाहू लागला, की अलीकडेच थांबावे. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. काठावर परतायला त्यांना अवधीच मिळाला नाही.

आता त्या वाटेची दिशा ध्यानात घ्या. ती ओढ्याने चढते आणि माथ्यावर पोचल्यावर सरहद्दीच्या धारेने परत येते. चढताना धबधबा समोर असतो, दिसतो, आणि वाट त्याला वळसा घालते. उतरताना तोच धबधबा पायाखाली असतो आणि झाडीत कळतही नाही. माथ्यावर, हजार मीटरच्याही वर, अंटार्क्टिक बीच नावाचे वृक्ष आहेत. जुने खोड मरते, त्याच मुळातून नवे फुटवे भोवती कडे करून उभे राहतात. त्यांचे भाऊबंद दक्षिण अमेरिकेत आणि न्यूझीलंडमध्ये आहेत. हे सारे मिळून जो खंड होता त्याला गोंडवन हे नाव आपल्या गोंडांच्या मुलुखावरून पडले.

आणि आता त्या रानातली जी गोष्ट तिकडे अजून सांगतात, ती ऐका. १९ फेब्रुवारी १९३७ रोजी ब्रिस्बेनहून सिडनीकडे निघालेले स्टिन्सन विमान वादळात याच डोंगरावर आदळले. सातांपैकी चौघे तिथेच गेले. उरलेल्यांत प्राउड यांचा पाय मोडलेला आणि बिन्स्टेड वयस्क, म्हणून वेस्ट्रे नावाचा तरुण इंग्रज भाजल्या हातांनी मदत आणायला निघाला. त्याने पाणी धरले. पाणी खाली जाते, खाली वस्ती असते. सपाट मुलुखात या तर्कात काही खोट नाही. पण इथे तो जिना होता. एका धबधब्यावर तो कोसळला आणि जबर जखमी झाला, तरी तसाच पुढे सरकत राहिला.

इकडे शोध चालला होता शेकडो मैल दूर, सिडनीच्या बाजूला, कारण विमान तिथे पाहिल्याचे लोकांनी सांगितले होते. बर्नार्ड ओ'रायलीने नकाशा पाहिला, हिशेब केला, आणि तो एकटाच डोंगराच्या धारेवरून निघाला. दुसऱ्या दिवशी, २८ फेब्रुवारीला, दूरच्या हिरव्या रानात त्याला एक करपलेला झाडाचा शेंडा दिसला. तिथे नवव्या दिवशी प्राउड आणि बिन्स्टेड जिवंत होते. बिन्स्टेड रांगत जाऊन पाणी आणीत होते. मदतीसाठी दरीत उतरताना ओ'रायलीला वेस्ट्रेच्या खुणा दिसत गेल्या आणि शेवटी तो स्वतः दिसला, ओढ्याकाठी खडकाला टेकून बसलेला.

त्या ओढ्याचे नाव ख्रिसमस क्रीक. वेस्ट्रेचे थडगे तिथेच आहे. खालच्या खोऱ्यातून ओढ्याच्या काठाने लोक तिथवर चालत जातात.